अण्णांच्या उंचीचं बेसिन

घरात एखादी वस्तू स्वतःच्या हातानं करायला घ्या, वस्तू होते एक आणि किस्से होतात दहा. वस्तू बिचारी कोपऱ्यात गप उभी राहते. किस्से मात्र घरभर फिरतात, दुकानात येतात, लग्नाच्या पंगतीत आपल्या आधी जाऊन बसतात!

आमच्या चिखलीच्या घरात, बाथरूममध्ये, एक लाकडी कपाट आहे. तीन फूट रुंद, वर बेसिन बसवलेलं. शोरूमवाले त्याला व्हॅनिटी म्हणतात, आमची आई 'थो टेबल' म्हणते. ते करायला आम्हाला महिना लागला आणि त्या महिन्यात घरातल्या प्रत्येक माणसानं दुसऱ्या कुणाशी तरी एकदा बोलणं बंद केलं.

मी सुतार नाही. माझं कृषी केंद्र आहे. बी-बियाणं, खतं, औषधं विकतो. पण आता गिऱ्हाईक आलं की सोयाबीनचं बियाणं राहिलं बाजूला, आधी विचारतं, "काय संजूभाऊ, थ्या टेबलाचं मंग काय झालं?" म्हणून म्हटलं, एकदाचं सगळं ओळीनं सांगूनच टाकावं.

*

सुरुवात पडण्यानं झाली.

माझे वडील, म्हणजे अण्णा, एसटीत ड्रायव्हर होते. पहाटेची गाडी असली तरी दाढी केल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावला नाही त्यांनी. रिटायर झाल्यावरही नियम तोच. "दाढी वाढली का मानूस बिमार दिसते," हे त्यांचं म्हणणं.

दिवाळीनंतर त्यांना लकवा मारला. उजवा हात आणि उजवा पाय. अकोल्याला दवाखान्यात पंधरा दिवस काढले. जीभ शाबूत राहिली, हे चांगलं लक्षण आहे असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर अण्णांना ओळखत नव्हते!

घरी आल्यावर दाढीचा प्रश्न उभा राहिला. न्हावी घरी बोलावला, अण्णांनी त्याला चहा पाजून परत पाठवला. मी म्हटलं, मी करून देतो. तर म्हणाले, "माह्या तोंडाले आजवर दुसऱ्याचा हात लागला नाही. माही दाढी मी करीन. नाही झाली तं राहू द्या." दाढी वाढत गेली. पांढरी, दाट. आईला ती बघवत नसे, ती पाठमोरी बसून त्यांच्याशी बोलायची.

एका सकाळी आम्ही नाश्त्याला बसलो असताना अण्णा भिंत धरत धरत एकटेच बाथरूममध्ये गेले. बेसिनसमोर उभे राहिले आणि डावा हात टेकवून सगळं अंग बेसिनवर टाकलं. बेसिन भिंतीतून निघालं. अण्णा आणि बेसिन दोघंही खाली! बेसिनचे तुकडे झाले, अण्णांना खरचटण्यावर निभावलं.

तपासायला घरी आलेल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "या वेळी वाचले. पुन्हा पडले आणि खुबा मोडला, तर त्यांना परत उभं करता येईल असं मी सांगू शकत नाही. बसून दाढी करू द्या, आणि उठताना धरायला भक्कम काहीतरी द्या."

अण्णा मात्र खाटेवर बसून तुकड्यांकडे बघत होते. म्हणाले, "गाडीचेच ब्रेक फेल झाले. याच्यात ड्रायव्हरची चूक नाही."

*

आधी तयार वस्तू मिळते का पाहिलं. खामगावला एका मोठ्या दुकानात गेलो. रांगेनं व्हॅनिट्या उभ्या. गुळगुळीत, चकचकीत, आत लाइट लागणाऱ्या. सगळ्या उभ्या माणसाच्या उंचीच्या. खुर्चीत बसून तोंड धुवायचं तर बेसिन हनुवटीला लागावं.

एक जरा बुटकी दिसली. मी तिची कड धरली आणि अंगाचा थोडा भार टाकला. आतून 'कर्र' आवाज आला. दुकानदार धावत आला.

"साहेब, साहेब! वजन नका टाकू!"

"अहो, धरून उठायचं आहे आमच्या वडिलांना."

"व्हॅनिटी धरायला नसते साहेब," तो कळवळून म्हणाला, "दिसायला असते!"

मग सुतार गाठले. लगीनसराई तोंडावर, प्रत्येकाकडे पलंग आणि शोकेसची रांग. एकानं तर स्पष्टच सांगितलं, "नवरदेवाचा पलंग सोडून मी तुमच्या मोरीत काऊन येऊ बे?"

*

शेवटी मधुकर सरांकडे गेलो. आम्हाला शाळेत कार्यानुभव शिकवायचे. रिटायर झाले, पण करवत, रंधा, पटाशी, गुण्या अशी सगळी हत्यारं अजून तेल लावून ठेवलेली. ते म्हणाले, "मी सांगतो, तू कर. माह्या खांद्यात आता रंधा मारायचा दम नाही." आरा मशीनवरून सागवानाच्या पट्ट्या आणल्या. मधे गुडघे जायला जागा, एका बाजूला छोटं कपाट आणि पुढे धरायला जाड गोल दांडा, असं चित्र सरांनी कागदावर काढलं.

आता माप हवं. बसलेल्या अण्णांच्या गुडघ्याचं आणि कोपराचं. पण अण्णांना सांगणार कोण? आजारपणाची कुठलीही वस्तू घरात आलेली त्यांना खपत नसे. वॉकर आणला होता, त्यावर ते टॉवेल वाळत घालायला लावत.

सर म्हणाले, "मी भेटायले येतो. बोलता बोलता वितीनं माप घेऊन टाकतो. पत्ताबी लागनार नाही."

आले. अण्णांजवळ खुर्ची ओढून बसले. "पाय सुजला तं नाही ना अण्णा?" असं म्हणत टाचेपासून गुडघ्यापर्यंत वीत टाकली. एक वीत, दोन वीत, चार बोटं. मग "हात कसा हाये?" करत कोपरापर्यंत. ओठातल्या ओठात आकडे पुटपुटत होते. मी दारात उभा, श्वास रोखून. वंदना, म्हणजे माझी बायको, चहाचा ट्रे घेऊन तशीच थबकलेली.

अण्णा सगळं बघत होते. शांतपणे म्हणाले, "मास्तर, तिरडीचं माप असन तं लांबी घ्या. उंची कायले घेऊन राह्यले?"

स्वयंपाकघरात आईच्या हातातलं लाटणं खाली पडलं. सरांचा चेहरा उतरला. खोटं बोलणं त्यांच्या रक्तातच नव्हतं, त्यांनी सरळ सांगून टाकलं, "टेबल करून राह्यलो अण्णा. तुमी बसून दाढी करसान असं. पोरगा तुमचा करते."

अण्णांनी भिंतीकडे तोंड केलं. पाच मिनिटं गेली असतील. सर उठायला लागले, तसा आवाज आला.

"मंग चपलीसकट घ्या माप. मी मोरीत अनवाणी जात नसतो."

*

मधुकर सरांच्या हाताखाली बारा दिवस मी लाकूड कापलं. दुकानातून दुपारी घरी यायचं, अंगणात बसायचं, करवत चालवायची. सर खुर्चीवरून ओरडायचे, "दोन सूत जास्त!" सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सरांच्या डोळ्याला अर्धं सूतही दिसायचं. आतून अण्णा ऐकत पडलेले असत. एकदा फक्त बोलले, "करवत वढतानी श्वास सोड. गाडी रिव्हर्स घेऊन राह्यल्यासारखा काऊन रोखून धरते?"

सांगाडा तयार झाला. अंगणात फरशीवर उभा केला. जरा म्हणून डुगडुगत नव्हता. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी तर मनात पेढे वाटायलाही लागलो होतो.

बाथरूममध्ये नेऊन ठेवला आणि टेबल एका पायावर नाचायला लागलं!

बाथरूमच्या फरशीला उतार असतो हे आम्ही विसरलो होतो. बादलीतून अंघोळ करणाऱ्यांची मोरी आमची, पाणी कोपऱ्यात वाहून गेलं पाहिजे म्हणून गवंड्यानं चांगला घसघशीत उतार दिलेला. तीस वर्षं रोज त्याच उतारावर उभं राहून अंघोळ केली, पण लाकूड मोजताना कुणाला आठवलं नाही.

सर बाहेर गेले होते. मी म्हटलं, त्यात काय, एक पाय जरा कापू. कापला. मग समोरचा डुगडुगायला लागला. तोही कापला. मग मागचा. मला घाम फुटलेला, पण हात थांबेना. भांडणात जसं एक शब्द बोललं की दुसरा बोलावाच लागतो, तसं झालं होतं. भुशाचा ढीग वाढत होता आणि टेबल खाली खाली चाललं होतं.

सर परत आले, दारातून बघितलं आणि अक्षरशः किंचाळले, "थांब बे! अजून एकदा कापलं तं जेवायचा पाट होईन त्याचा!"

*

चारही पाय नवे केले. या वेळी सरांनी प्रत्येक पायाखाली फरशीवर काडी धरून खूण केली आणि एकेक पाय वेगळ्या लांबीचा कापवला. अंगणात ते टेबल लंगड्यासारखं दिसे, पण बाथरूममध्ये अगदी सरळ उभं राहिलं. मी आणि सर त्याच्याकडे पाच मिनिटं नुसतं बघत बसलो.

आता भिंतीला पक्कं करायचं आणि नळाची लाइन फिरवायची. त्यासाठी रफिकभाईला बोलावलं. रफिकभाई आमच्या गल्लीतला प्लंबर. माणूस सोन्यासारखा, फक्त दर वाक्यात 'टेन्शन नको' म्हणतो, आणि तो तसं म्हणाला की मला टेन्शन येतं.

त्यानं जुना पाइप कापला. जोड सोडला. मी वरच्या फळीला नुकताच गोंद लावलेला, दाबून ठेवलेला. आणि नेमकी गल्लीतून हाळी आली.

"नळ आले! नळ आले!"

आमच्याकडे नळ आठ-दहा दिवसांनी येतात. नळ आले म्हणजे घरात लग्न असावं तशी पळापळ. वंदनानं मोटर लावली आणि रफिकभाईच्या हातातल्या कापलेल्या पाइपातून पाण्याचा फवारा थेट छताला लागला!

"टेन्शन नको भाऊ!" रफिकभाई ओरडला आणि त्यानं पाइपावर अंगठा दाबला.

"मोटर बंद कर!" मी ओरडलो.

"बंद केली तं दहा दिवस काय पेसान?" वंदना बाहेरून. "तुमचं टेबल?"

घरात आजारी माणूस, रोजचे कपडे, चादरी. तिचंही बरोबर होतं. रफिकभाई भिजत, अंगठा दाबून, भिंतीला टेकून उभा राहिला. वंदना दुसऱ्या नळीनं भांडी भरत होती. टाकी भरली, ड्रम भरले, घागरी भरल्या. घागरी ठेवायला जागा उरली नाही, तशी तिनं एकेक आणून माझ्या ओल्या गोंदाच्या टेबलावर मांडल्या. एक, दोन, तीन, आणि वर स्टीलचा मोठा हंडा!

माझा जीव टांगणीला लागला. टेबल मोडतं की काय! पण ते हललंसुद्धा नाही. नळ गेले, रफिकभाईचा अंगठा पांढराफटक पडला होता, आणि मी आनंदानं नाचायचा बाकी होतो. दारात उभ्या सरांना म्हटलं, "सर, पाह्यलं? अण्णांच्या वजनाएवढं पाणी पेललं!"

सरांनी हंड्याकडे बघितलं. "घागर जागची हालत नाही संजू," ते म्हणाले. "मानूस दांडा धरून वढते."

*

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. दोन दिवसांनी गोंद वाळला, स्क्रू बसले. मी ठरवलं, आधी मीच उठून बघायचं. अण्णांसारखं.

गमछ्यानं उजवा हात अंगाला बांधून घेतला. खुर्चीत बसलो. उजवा पाय ढिला सोडला आणि डाव्या हातानं दांडा धरून अंग उचललं. हे किती अवघड असतं, ते मला त्या दिवशी कळलं. माणसाचं सगळं वजन त्या एका हातात येतं.

अर्ध्यात आलो आणि भिंतीतून आवाज आला. स्क्रू प्लास्टरसकट बाहेर. टेबल माझ्या अंगावर, मी खुर्चीसकट मागे, डोकं दाराला. कोपर सोलून निघालं. पण दुखण्यापेक्षा भीती मोठी होती. मी तिथेच पडून राहिलो. डोळ्यांसमोर एकच चित्र, माझ्या जागी अण्णा. माझ्याच हातानं केलेल्या टेबलाखाली. मला उठवेना.

बाहेरून अण्णांचा आवाज आला, घाबरलेला. "कोन पडलं रे? कोन पडलं?"

"मी पडलो अण्णा! मी, संजू!"

"मंग ठीक हाये," अण्णा म्हणाले.

*

त्या संध्याकाळी मी सरांना सांगितलं की टेबल फोडून टाकतो. सर रागावले नाहीत. त्यांनी भिंतीवर टकटक केली. प्लास्टर पोकळ होतं. "लाकडाचा दोष नाही. स्क्रूनं काम होनार नाही. आरपार बोल्ट टाका, भिंतीच्या पल्याड लोखंडी पट्टी, तिच्यावर नट. मंग हत्ती वढू दे."

पल्याड म्हणजे स्वयंपाकघर. आणि स्वयंपाकघरात नेमक्या त्याच जागी, भिंतीवर, आईचं देवघर!

आता आली का पंचाईत? देवांच्या पाठीमागून मोरीच्या टेबलाचे बोल्ट बाहेर येणार. आई दर एकादशीला ती भिंतसुद्धा पुसून घेते. बाथरूमला जाऊन आल्यावर पाय धुतल्याशिवाय त्या बाजूला कुणी फिरकायचं नाही, असा तिचा कायदा. तिला विचारायचं धाडस माझ्यात नव्हतं. मी वंदनाकडे बघितलं, वंदनानं रफिकभाईकडे. रफिकभाई म्हणाला, "भाऊ, ये मेरे बस का नही. मी पाइप पाह्यतो."

शेवटी मीच गेलो. आई तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. पोकळ भिंत, बोल्ट, नट, डॉक्टर काय म्हणाले ते. ती ऐकत होती, मान खाली. तांदळातला खडा काढून बाजूला ठेवला. दुसरा काढला. मला वाटलं, संपलं.

मग ती उठली. हात धुतले. देवघरातून बाळकृष्ण काढला, अन्नपूर्णा काढली, टाक काढले, एकेक पदरात घेतला आणि समोरच्या भिंतीच्या फळीवर, बरण्या सरकवून, मांडून ठेवला. समई नेली. सगळ्यांत शेवटी घंटा.

"आई, चालन ना तुले?" मी विचारलं.

"देवाले सरकवता येते बाबू," ती म्हणाली. "त्यायले नाही येत. पाड भोक."

*

चार बोल्ट आरपार गेले. मी पुन्हा हात बांधून उठून बघितलं. मग रफिकभाईनं. मग वंदनानंही, आणि तिनं तर दोनदा. टेबल ढिम्म. बेसिन बसलं. आरसा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर लागला. मी हुशारी करून आणखी एक काम केलं: दाराची आतली कडी काढून टाकली. आत काही झालं तर?

सकाळी अण्णांना हाताला धरून आणलं. त्यांनी टेबलाकडे बघितलं. दांड्यावर बोट फिरवलं. मग दाराकडे वळले, रिकाम्या भोकांकडे बघितलं आणि माघारी फिरून खाटेवर जाऊन बसले.

"अण्णा, काय झालं?"

"ज्या मोरीले कडी नाही, तिथं मी जात नसतो."

"अहो, पण तुम्ही आत..."

"पोरगी पाह्यले आले का लोकं? कडी लाव."

दोन दिवस हलले नाहीत. वंदनानं समजावलं, सरांनी समजावलं. मला राग आला, खरं सांगतो. महिनाभर लाकडाशी झोंबी केली, कोपर फोडून घेतलं, देव हलवले, आणि हा माणूस एका कडीसाठी अडून बसला! मी दुकानात जाऊन गिऱ्हाइकांवर ओरडत होतो.

तिसऱ्या दिवशी कडी लावली. पण सरांनी स्क्रू दिले ते अगदी आखूड. दाराला बाहेरून एक खांदा मारला की कडी निघून यावी. हे फक्त सरांना आणि मला माहीत.

अण्णांनी कडी दोनदा लावून बघितली. माझ्याकडे पाहिलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा स्वतःहून म्हणाले, "सामान द्या."

वंदनानं पेटी आणली. ब्रश, वाटी, साबण, रेझर. मी ते टेबलावर डाव्या हाताला मांडलं, खुर्ची लावली, अण्णांना बसवलं. त्यांनी मला हातानंच बाहेर जायला सांगितलं. मग खुर्चीतूनच हात लांबवून कडी लावली.

बाहेर आम्ही सगळे. आई, वंदना, मी. मधुकर सर सहज आलो म्हणत सकाळी सातलाच हजर. रफिकभाईला पाइप गळतो का ते बघायचं होतं. मी दाराला खांदा लावून उभा राहिलो, लागलंच तर एका धक्क्यात आत.

नळ सुटला. नळ बंद झाला. वाटीत ब्रश फिरल्याचा आवाज आला, बराच वेळ. डाव्या हातानं फेस करायचा म्हणजे वेळ लागणारच, असं मी स्वतःला समजावत होतो. मग काहीच ऐकू येईना. ना पाणी, ना खोकला. रफिकभाई ओठातल्या ओठात दुआ म्हणत होता.

काहीतरी खाली पडलं. छोटं. मी खांदा मागे घेतला.

आईनं मागून माझा शर्ट धरला. "थांब."

"आई, अगं..."

"थांब म्हनते ना. हाक मारली का त्याईनं?"

पाणी पुन्हा वाजलं. पुन्हा शांत. किती वेळ गेला, देव जाणे. मग खुर्ची मागे सरकली आणि लाकूड करकरलं. मी ओळखला तो आवाज. दांड्यावर सगळं वजन आलं होतं. सरांनी डोळे मिटून घेतले. वंदनाची नखं माझ्या दंडात रुतली.

लाकूड आणखी एकदा करकरलं. थांबलं.

कडी निघाली. दार उघडलं.

अण्णा उभे होते. स्वतःच्या पायांवर, डावा हात पुन्हा दांड्यावर. चेहऱ्याची डावी बाजू एकदम गुळगुळीत, जुने अण्णा! उजव्या बाजूला दोन महिन्यांची पांढरी दाढी तशीच, त्यावर साबणाचा फेस. एक बाजू बापाची, एक बाजू आजाऱ्याची. आई त्या दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे सरळ बघत होती आणि डोळ्यांना पदर लावत होती.

भिंत धरत ते खाटेपर्यंत आले. बसले. दम लागला होता. जरा थांबून त्यांनी मला मान हलवून जवळ बोलावलं आणि खिशातला रेझर डाव्या हातानं काढून माझ्यापुढे धरला.

"हे बाजू तू कर," अण्णा म्हणाले.

मी रेझर घेतला. अण्णांच्या तोंडाला मी कधी हात लावला नव्हता. लहानपणीसुद्धा, त्यांची भीतीच तेवढी होती. त्यांनी हनुवटी वर केली आणि डोळे मिटले. मी गालावर दोन बोटं टेकवली. कातडी मऊ होती, फार मऊ. रेझर नीट धरला, पण तो गालापर्यंत जाईचना.

अण्णांनी एक डोळा उघडला.

"काऊन बे, हात काऊन थरथरून राह्यला तुहा? लकवा मले मारला का तुले?"